दलेंदाने हात दिले नाहीत

ट्युनिशियातल्या कैरोवानमध्ये ताहरचा गालिच्यांचा कारखाना म्हणजे एक अंधारी कोठडी होती. दलेंदाची धाकटी बहीण महबूबा लहानपणापासून तिथे गाठी मारायची. तिची नजर गेली तेव्हा ताहरने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "आंधळी काय विणणार?"

दलेंदाने वडिलांच्या अंगणात शाळा काढली. सकाळी अक्षरं, दुपारी उन्हात विणकाम, आणि विणलेला गालिचा विणणारीचा. आमच्या गावात असं कुणी केलं नव्हतं. पहिल्या मुलींत मीही होते.

ताहरची माणसं आली आणि मागावरचे गालिचे सुऱ्यांनी फाडून गेली. या अंगणात पोरी बिघडतात, अशी आवईही त्याने उठवली. दलेंदाचं ठरलेलं लग्न मोडलं. ती रडली नाही. "याच्या मागावर एक हात राहू देणार नाही," एवढंच म्हणाली.

मग बाहेर पडताना आमच्या बायका अंगातोंडावरून घेतात ती पांढरी चादर लपेटून, महबूबाला सोबत घेऊन ती घरोघर हिंडली. प्रत्येक आईला म्हणायची, "हिच्या डोळ्यांत बघ आणि मग लेकीला पाठव त्याच्याकडे." पोरी हळूहळू आमच्या अंगणात आल्या.

अशात ताहरला सुभेदाराच्या दिवाणखान्याचं मोठं काम मिळालं. विणायला माणूस नाही. शेवटी तो आमच्या दारात आला आणि थोरामोठ्यांच्या बायकांना म्हणतात तसं दलेंदाला 'लल्ला' म्हणाला.

"लल्ला दलेंदा, थोड्या बायका दे. अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रू? तुला होती होय? आधी महबूबाची माफी माग. सगळ्यांसमोर."

तो महबूबापुढे गुडघ्यांवर बसला. "पोरी, चुकलं माझं," तो म्हणाला. आम्हाला वाटलं, आता दलेंदा विरघळणार.

"झालं?" दलेंदा म्हणाली. "आता चालू लाग. हात मिळणार नाहीत."

"पण तू म्हणालीस..."

"माफी माग म्हणाले. देते कधी म्हणाले?"

तो गेल्यावर महबूबा चिडली. "दिल्या असत्यास बायका, तर तुझं काय बिघडलं असतं गं?"

"काहीच नाही. त्याचं बिघडावं म्हणून नाही दिल्या."

काम हातचं गेलं, कारखान्याला टाळं लागलं. वसंतात ताहर जावयाकडे सूस शहरात राहायला निघाला. सामानाची गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत दलेंदा भर रस्त्यात उभी होती, तोंडावरून चादर मागे सारून. त्याने मान वर केली नाही.

ती आत आली, पुदिन्याच्या चहात दोनदा साखर घालून घेतली आणि सावकाश प्यायली.