'हरकत'वर अडकलेलं लग्न

मी वेल्डरच्या खिशातला मोबाइल बोलतोय. ओरडू नका, मला ऐकू येतं. हे माझ्या मालकाला कधी कळलंच नाही. माणूस लांब असला की ओरडायचं, ही त्याची अक्कल.

दुकानातून आलो तेव्हा मी आरशासारखा होतो. या बाबाने मला लोखंडाच्या किसात ठेवलं, गेटखाली चेंगरलं आणि फुंकर मारून परत खिशात कोंबलं. तेव्हापासून माझा आवाज मधेच तुटतो. दोष माझाच म्हणे!

त्याच्या पोरीने स्वतःच नवरा ठरवला. वर्षभर बापाने तिचा फोन घेतला नाही. मी खिशात थरथरून अर्धा व्हायचो, हा लोखंड ठोकत बसायचा. शेवटी बायकोने डोकं खाऊन खाऊन त्याला वळवलं. तेवढ्यात साथ आली, रस्ते बंद. पोरगी लांबच्या दवाखान्यात नर्स, तिला सुट्टी नाही. मग लग्न माझ्यातूनच लावायचं ठरलं.

मला रंगाच्या डब्याला टेकवलं. वर इस्त्रीचा सदरा, खाली तेलकट पँट घालून हा बसला. "खालचं कोण बघतंय?" म्हणाला. लगेच उभा राहिला, सगळ्यांनी बघितलं!

पलीकडे पोरगी, जावई आणि लग्न नोंदवणारे साहेब. साहेबांनी विचारलं, "वधूच्या वडिलांचं काय म्हणणं?"

"माझी हरकत नाही!" हा गरजला.

'नाही' माझ्या घशातच राहिलं. पोचलं नुसतं "माझी हरकत". साहेबांनी पेन खाली ठेवलं.

पोरगी रडायला लागली. "बाबा, आजच्या दिवशी पण?"

"अगं, नाही म्हणतोय ना!"

या खेपेला नेमकं 'नाही' तेवढं पोचलं. जावई खुर्चीतून उठला.

"अहो, सरळ हो म्हणा की!" बायको कडाडली.

"म्हटलं ना, हरकत नाही!"

"हरकत गेली चुलीत! हो म्हणा!"

या माणसाने जन्मात कुणाला हो म्हटलं नव्हतं. 'बघू', 'चालेल', फार तर 'हरकत नाही'. त्याने मला उचललं. पहिल्यांदाच हळू बोलला, "हो. हो गं बाळा."

एकच अक्षर. तुटायला मधे जागाच नाही. पोचलं. साहेबांनी पेन उचललं.

पुढे पोरीने बापाला नवा फोन पाठवला. मी आता खिळ्यांच्या डब्यात पडून असतो, तक्रार नाही. एवढंच सांगतो, पोरीला होकार द्यायचा असेल तर हो म्हणा. आढेवेढे घ्याल, तर पुढचं निस्तरायला मी नाही.