मी मजला नाही

मित्रांनो, मी फणसवाडीतल्या एका बैठ्या घराचा जुना माळा आहे. घरपट्टीच्या कचेरीतून आलेलं एक पत्र अठरा दिवस माझ्या अंगावर पुस्तकांखाली पडून होतं. घरमालक गंगाधररावांनी त्याला उत्तरच दिलं नव्हतं.

त्यांच्या वडिलांनी सागवानी फळ्यांनी मला बांधून घेतलं. लोणच्याच्या बरण्या, पाट, गणपतीचं मखर, सगळं मी सांभाळलं. "माळा आहे म्हणून घर सुटसुटीत आहे," असं पाहुणे म्हणत. पुढे पुस्तकं आली, धूळ आली. माझ्याकडे बघणं लोक विसरले.

मग फेरमोजणीला एक साहेब आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "वर काय?"

"वर माळा आहे," गंगाधरराव म्हणाले.

आपल्या मुंबईत मजल्यालाही माळाच म्हणतात! साहेबांनी मान वर न करता लिहिलं, 'तळ अधिक एक मजला'. घरपट्टी दुप्पट झाल्याचं पत्र आलं. मी संतापाने करकरलो. अरे, साडेतीन फूट माझी उंची! माझ्यावर मांजर ताठ उभं राहील, माणूस नाही. आणि गंगाधरराव? "मीच नीट बोललो नाही," असं पुटपुटत त्यांनी ते पत्र माझ्याकडे दडवलं. त्या मऊपणाचा मला जास्त राग आला.

एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या पत्नी नलूबाई पाट काढायला शिडीवर चढल्या आणि पत्र त्यांच्या हाती लागलं.

"अहो, एकवीस दिवसांत हरकत घ्या म्हणून छापलंय इथे! अंडी उबवत होतात का यावर?"

"अगं, कचेरीशी वाद कशाला? सुतार बोलावतो. माळाच काढून टाकू."

माझ्या फळ्या गार पडल्या.

"काढा! आणि पुस्तकं ठेवा माझ्या डोक्यावर! त्या साहेबांना म्हणावं, आधी इथे उभं राहून दाखवा, मग म्हणा मजला."

त्यांनी टेपने मला मोजलं, टेपसकट फोटो काढला, घरपट्टीची जुनी पावती शोधली. गंगाधरराव लिहायला बसले. पहिलं वाक्य होतं, 'तसदीबद्दल क्षमस्व.' नलूबाईंनी ते खोडलं.

"क्षमा कसली? न बघता लिहिलं कोणी?"

गंगाधररावांनी नवा कागद घेतला. मग त्यांनी लिहिलं, 'माझी हरकत आहे. प्रत्यक्ष येऊन मोजावे.'

मित्रांनो, निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. पण न बघता लिहिलेल्या मापापुढे मान तुकवू नका. मोजा, पुरावा जोडा आणि मुदतीत उत्तर द्या. भिडेपोटी घर तोडू नका.

सकाळी नलूबाई चपला घालत म्हणाल्या, "द्या, मी टाकून येते."

"नको," गंगाधरराव म्हणाले, "हरकत माझी आहे."

आणि ते स्वतः जाऊन पत्र स्पीड पोस्टाने टाकून आले.