पाय लागल्याचा नमस्कार

तारापूरच्या वाडीत समिधाचे कृष्णकांत आजोबा चिकू निवडायला बसले, की एका नजरेत मोठा, मधला, बारका असे ढीग लावत. समिधानं चौथीचा अख्खा वर्ग तसाच निवडून ठेवला होता. दर्पण मोठ्या ढिगातला, कारण कोलांटी मारून तो सरळ उभाच राहायचा. बारक्या ढिगाकडे ती बघतही नसे.

त्यामुळे कीर्ती मॅडमनी उंची बघून कसरतीच्या जोड्या लावल्या आणि तिच्या वाट्याला लाडकी आली, तेव्हा तिचं तोंड कच्चा चिकू चावल्यासारखं झालं. लाडकी मनोरकडच्या डोंगरातली. तिचे आईबाप यंदा समिधाच्याच वाडीत कामाला होते.

"मॅडम, मला दर्पण द्या ना!"

"दर्पण काय खाऊ आहे, वाटायला?" मॅडम म्हणाल्या. "जा, गादीवर जा."

पालघरच्या मेळाव्याला शाळेची एकच जोडी जाणार होती. कसरत मुलांनी स्वतःच रचायची. सुरुवातीची आकृती, एकमेकांच्या आधारानं तोल, कोलांटी आणि शेवटची आकृती. "पण एकातून दुसरं निघालं पाहिजे," मॅडमनी बजावलं. "तोल झाला, मग दोघं बोईसरला कारखान्याच्या शिफ्टच्या बसची वाट बघत असल्यासारखे उभे, मग कोलांटी, असलं चालणार नाही."

समिधाला पालघरला जायचंच होतं. निवड व्हायच्या आधीच तिनं घरी 'माझं नक्की झालं' म्हणून सांगून टाकलं होतं, आणि आजोबांनी ते सगळ्या आळीत पोचवलं होतं. आता माघार घेणं म्हणजे आळीभर नाक कापून घेणं.

तोल तिनंच शोधला. ती गुडघे वाकवून खुर्चीसारखी बसली. लाडकीनं तिची मनगटं धरली, मांड्यांवर पाय ठेवले, उभी राहिली आणि दोघी मागे झुकल्या. झकास! एवढ्यात लाडकीनं एक हात सोडला, वाकून समिधाच्या मांडीला लावला, कपाळाला नेला, आणि दोघी धपकन गादीवर.

"हात का सोडलास गं?"

"पाय लागला ना तुला."

"लागणारच! माझ्यावर उभी आहेस तू!"

"म्हणून तर."

पुन्हा चढली, पुन्हा नमस्कार, पुन्हा धप्प. शेजारच्या गादीवरून दर्पण ओरडला, "समिधादेवीची पूजा चाललीय! प्रसाद कधी वाटणार गं?"

समिधाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आधीच करून ठेव नमस्कार," तिनं तोडगा काढला. लाडकीनं मनोभावे केला, वर चढली, आणि सवयीनं हात सुटलाच.

"उतर. मीच चढते वर."

खाली लाडकी खुंटासारखी घट्ट. समिधा वर चढली, मागे झुकली आणि ऐटीत उतरली. "बघ! जमलं की नाय?"

लाडकी मांडीवरची धूळ झटकत म्हणाली, "तुजा पाय मला लागला."

"मग?"

"तू नाय केलास."

"कसरतीत नसतो करायचा."

"मग माजा पण कसरतीतच लागलेला. तवा का नाय सांगितलास?"

लाडकीनं पाय लागल्याचा केलेला नमस्कार समिधानं बिनबोभाट घेतला होता. उलट करायचं मात्र मनातच आलं नव्हतं. ती गुपचूप वाकली, लाडकीच्या मांडीला हात लावला, कपाळाला नेला आणि तशीच राहिली. हात खाली, डोकं खाली, पाठ गोल. अरे, इथून तर कोलांटीच निघते!

"लाडके! तू पण वाक! वाक ना गं!"

"मी कशाला? आता तर तुजा पाय..."

"आधी तू वर, मग मी. मग दोघींचेही लागले की नाय? नमस्कार एकदमच करू, हात तसेच गादीवर टेकू, आणि एकमेकींच्या बाजूनं कोलांटी!"

लाडकीचे डोळे चमकले. नमस्कार पुढे ठरलेलाच आहे म्हटल्यावर वर असताना तिचा हात सुटेनासाच झाला.

शनिवारी निवड बघायला अख्खी शाळा गाद्यांभोवती बसली. दर्पण आणि त्याचा जोडीदार इंद्रजीत यांनी भन्नाट तोल धरला, पण उतरल्यावर दर्पणनं निवांत चड्डी वर ओढली, इंद्रजीतनं नाक पुसलं, आणि मग कोलांट्या. मॅडमनी नुसताच सुस्कारा सोडला.

मग या दोघी. लाडकी वर चढली. तिच्या एका हाताची पकड सैल होतेय, हे समिधाला मनगटावर कळलं.

"आत्ता नको हां," समिधा पुटपुटली.

"म्हाईत हाय. तू नीट बस."

लाडकी उतरली, समिधा चढली, तीही उतरली. दोघी एकदम वाकल्या, नमस्कार झाला आणि त्यातूनच दोन कोलांट्या शेजारून सुटल्या. दोघी पाठीला पाठ लावून, हात वर करून उभ्या! पोरांनी एकच गिल्ला केला. दर्पणही दणादण टाळ्या पिटत होता.

"मधली जोड कुणी शोधली?" मॅडमनी विचारलं.

"मी" म्हणायला समिधानं तोंड उघडलंही होतं. मग लाडकीकडे बघून ती म्हणाली, "हिनं भांडून शोधायला लावली, मॅडम."

"मग पालघरलाही दोघी भांडत जा," मॅडम हसल्या.

लाडकीनं आनंदानं जी उडी मारली, ती थेट समिधाच्या पायावर उतरली. दोघी एकाच वेळी नमस्काराला वाकल्या, आणि दोघींची डोकी ठाणकन एकमेकींवर आपटली.