उतरवलेले रोल

तुमसरच्या भैय्यालाल सेठच्या राइस मिलमध्ये श्यामराव मिस्त्रीनं सव्वीस वर्षं काढली आणि पंच्याऐंशीच्या डिसेंबरअखेर तो रिटायर झाला. फंडाचे अकरा हजार बँकेत जमा झाले आणि त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. ओसरीतून अंगणात, अंगणातून सडकेवर, सडकेवरून पुन्हा ओसरीत.

"भिंगरी लागली काय पायाले?" मनकर्णाबाई म्हणाली. "पोस्टात टाका अन् बसा चूपचाप."

पोस्टाचं त्याला मान्य होतं. पण अल्पबचतीचा एजंट टेकचंद हल्ली पिशवीतून शेअरचे फॉर्म घेऊन फिरत होता आणि त्यात एकाच आठवड्याचे दोन फॉर्म होते. एक हेमकूट रबरचा, दुसरा शारंग रबरचा. दोन्ही कंपन्या धानाचं तूस काढणाऱ्या यंत्राचे रबर रोल बनवत. लोखंडी ड्रम, त्यावर रबराचा जाड थर. रबर झिजलं की रोल उतरवायचा, नवा चढवायचा. हे काम श्यामरावनं हजारदा केलेलं. ज्यातलं आपल्याला एजंटापेक्षा जास्त कळतं असा धंदा आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर आला होता. म्हणूनच चैन पडत नव्हतं.

त्यानं त्याच्या पद्धतीनं परीक्षा घेतली. टेकचंदनं हेमकूटच्या रोलची जोडी आणून दिली. सेठ एरवी शारंगच वापरायचा, हेमकूट महाग म्हणून त्यानं तीन वर्षांत घेतला नव्हता. श्यामरावनं सेठच्याच मिलमध्ये एका यंत्रावर हेमकूट चढवला, शेजारच्यावर शारंग. शारंग सात दिवसांत झिजला. हेमकूट बारा दिवस चालला. छापील पत्रकातही हेमकूटचा नफा तीन वर्षं वाढता होता, शारंगचा जागच्या जागी.

"हेमकूट," श्यामरावनं चहाच्या टपरीवर सांगून टाकलं.

मिस्त्रीचा शब्द बाजारात चालायचा. बुधवारी भैय्यालाल सेठनं हेमकूटचा फॉर्म भरून पाठवलाही. श्यामराव शुक्रवारी भंडाऱ्याच्या बँकेत जाणार होता. फॉर्म भरायचा तोच शेवटचा दिवस, दोनपर्यंत.

गुरुवारी सकाळी तो धान बाजारातून चालला होता. एका पोत्यावर वाद पेटलेला. वरचं धान सोन्यासारखं. पण दलालानं नमुना काढायची लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसली आणि तिच्या खोबणीतून निघालं ते अर्धं पोचट.

"तोंडाशी काय पाहतं, बुडाशी पाहा," दलाल म्हणाला.

श्यामराव उभ्या जागी थबकला. परीक्षेची ती जोडी आणली कोणी? टेकचंदनं. टेकचंदला दिली कोणी? ज्याला शेअर विकायचे होते त्यानं.

तो सायकल काढून परसरामच्या मिलवर गेला. तिथला मिस्त्री परसराम त्याच्याच हाताखाली शिकलेला. मिलच्या मागे उतरवलेल्या रोलचे दोन-तीन सालांचे ड्रम भंगारवाल्याची वाट पाहत पडले होते. श्यामरावनं आपल्या साऱ्या चेल्यांना एक सवय लावली होती : रोल चढवताना ड्रमच्या आतल्या बाजूला छिन्नीनं तारीख मारायची, उतरवताना दुसरी.

"काय शोधून राहिले, काका?"

"पोत्याचं बूड," श्यामराव म्हणाला आणि ड्रम उलटे करत सुटला.

संध्याकाळपर्यंत त्यानं पाच मिलचं भंगार उपसलं. कपडे गंजानं तांबडे झाले. हेमकूट, त्र्याऐंशी : बारा दिवस. चौऱ्याऐंशी : नऊ. गेला हंगाम : सहा, पाच, एका ठिकाणी चार. शारंग मात्र दर साली सातच्या आसपास. हेमकूटचा नफा वाढत होता तसतसं रबर हलकं होत गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी पाच दिवसांचा एक ड्रम त्यानं सेठच्या गादीसमोर ठेवला.

"सेठजी, मी चुकीचं बोल्लो. हेमकूट नोका घेऊ. फॉर्म वापस होत असन तर पाहा."

सेठनं चष्मा वर केला. "वा रे मिस्त्री! बाजारभर डंका पिटला तूच, अन् आता भंगार घेऊन येतं? छापलेला हिशेब खोटा अन् हे खरं?"

"हिशेब खोटा नाही म्हणत मी. नफा झाला असन. पण हे परसरामनं छिन्नीनं लिहिलं, अन् त्याले शेअर नाही विकायचे."

सेठनं ड्रमच्या आत बोट फिरवलं. क्षणभर वाटलं, तो काही विचारेल. मग त्यानं बोट पुसलं. "माझा फॉर्म गेला. अन् फॉर्म वापस मागणारा भैय्यालाल बाजारात चांगला नाही दिसत. तू जा, तुयी बस निघन."

भंडाऱ्याच्या बँकेत श्यामराव पावणेदोनला पोचला. शारंगचा फॉर्म काढला आणि रकमेच्या रकान्याशी पेन अडलं. कोणता रोल वाईट हे ड्रमनं सांगितलं होतं. शारंगचे सात दिवस पुढच्या साली सातच राहतील, हे कोणत्याच ड्रमवर लिहिलेलं नव्हतं. हेमकूटही त्र्याऐंशीत चांगलाच होता.

"काका, खिडकी बंद होते," कारकून म्हणाला.

त्यानं पाच हजार लिहिले. सहा राहू दिले.

तुमसरला उतरून तो घरी गेला नाही. परसराम यंत्र उघडून बसला होता, शेजारी शारंगची नवी जोडी.

"आजच चढवतं?"

"आत्ताच. तारीख मारायची आहे फक्त."

"आण इकडे." श्यामरावनं त्याच्या हातातली छिन्नी घेतली, ड्रम मांडीवर ओढला आणि एकेक आकडा नीट, खोल मारला. "सातव्या दिवशी येतो मी."

"कायले? रिटायर झाले ना तुमी?"

श्यामरावनं अंगठ्यानं आकडे चाचपले. "सहाव्या दिवशीच येतो," तो म्हणाला.