विनंतीपत्राचा सराव

छकुलीला तेरावं लागायला दोन महिने उरले होते, तरी ती छकुलीच होती. नाव आईने ठेवलेलं, आणि आईने एकदा ठेवलेली गोष्ट त्या घरात सहसा हलत नसे. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत वस्तूवस्तूवर पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या होत्या. घरी शिकायला लागल्यावरचा तो पहिला उपक्रम होता: वस्तूचं नाव लिही आणि ती काय करते तेही लिही. कपाटावर 'कपाट सांभाळते', घड्याळावर 'घड्याळ सांगते'. बाहेरच्या दारावर वेड्यावाकड्या अक्षरांत 'दार उघडते' असं लिहिलेलं होतं. आता त्याला काय म्हणायचं!

झालं होतं असं, की दुसरीत असताना वर्गातच तिला दम्याचा झटका आला. ती बाकावर डोकं टेकून धापा टाकत होती आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, पोर झोपली. विसरलेला डबा द्यायला आई गेली नसती तर पुढचं बोलायलाच नको. डॉक्टर म्हणाले, सहा महिने घरी ठेवा. आईने तिला पाच वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

मला शाळेत जायचंय, असं छकुलीने एकदाच म्हणून पाहिलं होतं. आई भांडी विसळता विसळता रडत राहिली आणि नळ मात्र तिने बंद केला नाही. मग छकुली बाबांकडे गेली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर साऱ्या शहराला वरखाली न्यायची सोय लावून ते स्वतःच्या घरी चार मजले चढून येत, आणि कुठलाही प्रश्न आला की "आईला विचार" म्हणून हात वर करत. त्यानंतर छकुलीने ब्र काढला नाही.

रोज सकाळी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून आईने टाकलेली विषयाची एक चिठ्ठी काढायची. 'खिडकीतून दिसणाऱ्या दहा गोष्टी'. 'दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा संवाद'. 'सहलीचे वर्णन'. छकुली कधीही न केलेल्या सहलीचं असं वर्णन करायची, की वाचणाऱ्याचे पाय दुखावेत. लिहून झालं की आई तपासायची, खाली लाल शाईने 'तपासले' लिहायची आणि दोन भोकं पाडून कागद फाइलला लावायची. वर्षातून एकदा शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येऊन ती फाइल बघत आणि अजून एक वर्ष घरी शिकवायच्या परवानगीवर सही करत. इथेच घोडं पेंड खात होतं. जितकं चांगलं लिहावं तितकी फाइल भारी, आणि फाइल भारी म्हणजे परवानगी पक्की. एकदा तिने मुद्दाम भिकार लिहून पाहिलं, तर आईने तेच तीनदा लिहायला लावलं.

या वर्षी बाई यायच्या आठ दिवस आधी चिठ्ठी निघाली, 'विनंतीपत्र'. छकुलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आई घरबसल्या छापखान्याची प्रुफं तपासायची. तिची एक पद्धत होती. पान ती खालून वर वाचायची, शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. वरून वाचलं की माणूस मजकुरात वाहून जातो आणि चुका निसटतात, असं ती म्हणे. शेकडो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट तिला सांगता आली नसती. छकुलीचे कागदही ती तसेच तपासायची.

म्हणून छकुलीने धडधडीत लिहिलं.

"प्रति, तपासनीस बाई. विषय: मला शाळेत पाठवण्याबाबत. मी पाच वर्षं घरी शिकते. गेली दोन वर्षं मला एकदाही दम लागलेला नाही. समोरच्या शाळेची घंटा मला पाठ आहे, पण ती वाजल्यावर काय करायचं असतं ते माहीत नाही. मला माझ्या वयाच्या कुणाशी तरी कडाकडा भांडायचं आहे. आईला सांगितलं तर ती रडते, म्हणून तुम्हाला सांगते. कृपया या वर्षी सही करू नका."

आई तपासायला बसली. रूळ खालच्या ओळीवर ठेवला, वर सरकवला, पुन्हा वर. छकुली खिडकीचा गज धरून उभी होती. आईला कळू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर कळावं असंही तिला तितकंच वाटत होतं. आईने दोन ठिकाणी लाल खुणा केल्या.

"मायना जमायला लागला हं तुला," ती म्हणाली आणि खाली लिहिलं, 'तपासले'.

तपासनीस बाई आल्या त्या गुडघे धरूनच. एक तांब्या पाणी संपल्यावर त्यांना बोलता यायला लागलं.

"अजून तीन घरं आहेत मला," त्या म्हणाल्या. "आणि सगळी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. चला, फाइल दाखवा."

त्यांनी अंगठ्याने फाइलची जाडी अजमावली, पाच-सहा पानं उलटली आणि समाधानाने मान हलवली. मग छकुलीकडे वळल्या.

"यातलं एखादं वाचून दाखव. नियम आहे तसा."

"सहलीचं वाच," आई म्हणाली. "छान झालंय ते."

छकुलीने पानं उलटली. सहल मागे टाकली आणि विनंतीपत्र काढलं. वाचायला लागली ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत थांबली नाही. आईकडे बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण काढलेलं होतं, ते परत लावलं.

"हे..." त्या आईला म्हणाल्या, "हे सरावाचंच आहे ना, ताई?"

छकुलीने आता आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची नजर पानाच्या तळाशी, स्वतःच्याच लाल अक्षरांवर खिळली होती.

"हो," आई म्हणाली. "सरावाचंच आहे."

"तेच म्हटलं मी. खाली तपासलेलंही आहे तुम्ही." बाईंचा जीव भांड्यात पडला. "पण काय हुबेहूब लिहिलंय! आमच्याकडे मोठमोठ्यांचे अर्ज येतात, पण असं एकाला जमत नाही. अशीच लिहीत राहा हं, बाळ."

त्यांनी टोपण पुन्हा काढलं. पत्रावर 'पाहिले' असा शिक्का उठला, परवानगीवर सही झाली, त्याखाली आईचीही झाली. छकुलीला ओरडून सांगता आलं असतं की सराव नाही, खरं आहे. पण तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं, आणि ते तिनेच आपल्या युक्तीने घडवलेलं होतं. बाई गेल्यावर आईने दाराची कडी लावली. दिवसभर दोघी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्किटांच्या डब्याशेजारी एक कागद होता. अक्षर आईचं होतं आणि वर लाल पेन ठेवलेलं होतं. आई आतल्या खोलीत पाठमोरी, प्रुफांवर वाकलेली होती. छकुलीला कागद वरून वाचायचं धाडस होईना. तिने रूळ घेतला आणि आईसारखीच खालून सुरुवात केली. म्हणजे नुसत्या ओळी दिसतील, आत काही शिरणार नाही.

'तुझी आई.'

'पुढच्या वर्षीचं वचन देत नाही, कारण ते मी पाळेन असं मला वाटत नाही.'

'काल मी खोटं बोलले.'

चौथ्या ओळीवर रूळ हातातून सुटला. पद्धत आईला साधत असेल, तिला साधली नाही. ती वर गेली आणि पहिल्यापासून वाचू लागली.

'प्रति, छकुली. विषय: अजून एक वर्ष मिळण्याबाबत. तुझं पत्र मी काल पहिल्यांदा ऐकलं. दम तुला लागत नाही, मला लागतो. तू नुसती जिन्यापर्यंत गेलीस तरी मला ते बाक दिसतं आणि त्यावर टेकलेलं तुझं डोकं दिसतं. याला औषध मला सापडलेलं नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि तरीही मला जमत नाही. काल मी खोटं बोलले. पुढच्या वर्षीचं वचन देत नाही, कारण ते मी पाळेन असं मला वाटत नाही. तुझी आई.'

समोरच्या शाळेची घंटा वाजली. छकुली ती पूर्ण संपेपर्यंत बसून राहिली. तिला आईचा राग आला होता, भयंकर आला होता, आणि त्या पाठमोऱ्या, वाकलेल्या खांद्यांची कीवही येत होती. दोन्ही एकदम कुठे ठेवायचं ते तिला कळेना. या पत्राला ती हो म्हणणार नव्हती. आणि नाही म्हणून जाणार तरी कुठे होती?

तिने लाल पेन उघडलं. एकही खूण केली नाही. कागदाच्या तळाशी एकच शब्द लिहिला, 'वाचलं'. मग आत जाऊन तो कागद आईच्या प्रुफांवर ठेवला.

आईने तो उचलला. बराच वेळ ती त्या शब्दाकडे बघत राहिली, पण वळली नाही.

छकुली बाहेर आली. डब्यात हात घालून तिने आजची चिठ्ठी काढली. 'खिडकीतून दिसणाऱ्या दहा गोष्टी'. खुर्ची ओढून ती खिडकीशी बसली आणि एकचा आकडा घालून लिहायला लागली.