सहा बाटल्या

स्वयंपाकघरात झाकण खडखडलं, तशी ऋतुजाची झोप मोडली. भर दुपारी घर चिडीचूप होतं, पंखाही फिरत नव्हता. म्हणजे लाईट गेलेली. अन् दुधाचा वास येत होता.

दूध? म्हशीचं तर सकाळीच संपलं होतं.

टाके सांभाळत, भिंत धरत ती उठली. गॅसवर छोटं पातेलं. ओट्यावर सहा रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात तारीख अन् वेळ. काल रात्रीपासून, दर तीन तासांनी बसून काढलेलं दूध. दिवस भरायच्या आधीच आलेलं तिचं लेकरू लातूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, त्याच्यासाठी. चार वाजता नवरा, रामलिंग, बर्फाचा डबा घेऊन न्यायला येणार होता.

"उठलीस? बरं झालं," सासूबाई कस्तुराबाई घाम पुसत म्हणाल्या. "लाईट जाऊन तास झाला. नासलं असतं की सगळं. म्हणून तापवायला ठेवलं. पण लई पातळ हाय गं, साय बी धरंना!"

"आत्याबाई, हे तापवायचं नसतंय. फ्रीज उघडला नसता तर गारच राहिलं असतं."

"तापवल्याबिगर दूध टिकतंय व्हय? चार लेकरं वाढवली मी."

भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला.

"उकळलेलं नका आणू, ताई. त्यातली ताकद जाते. आज मिल्क बँकेतलं देते, दुसऱ्या आईनं दिलेलं. तुम्ही काढत राहा."

कस्तुराबाईंनी ऐकलं. गॅस बंद केला.

"तू बाटल्या रोज उकळतीस. मला वाटलं, दूध बी उकळायचं असंल."

बाटल्या उकळायच्या, दूध नाही. एवढं एक सांगायचं राहूनच गेलं होतं. कस्तुराबाई एकेक बाटली धुवायला लागल्या, लई वेळ एकच बाटली चोळत राहिल्या.

ऋतुजा दूध काढायचा पंप घेऊन भिंतीला टेकली. हात दुखेपर्यंत दाबत राहिली, तेव्हा कुठं बाटलीच्या तळाला ओल धरली.

चार वर्षांची थोरली लेक करिश्मा टाचा उंचावून निवत ठेवलेल्या पातेल्यात डोकावली.

"आई, हे बाळाचं दूध ना?"

"हाव."

"बाळ पिणार न्हाई?"

"न्हाई, राणी."

करिश्मानं पातेल्याकडं बघितलं, मग आईकडं.

"मग हे आता कुणाचं?"