चाळीस मिनिटं

दवाखान्याच्या दारात केतन मगदूमनं मोटारसायकल उभी केली तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. साडेतीनला येतो म्हणून गेलेला माणूस! अंगातून पाणी निथळत होतं, बूट पाण्यानं भरले होते आणि तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. आत बाकावर आत्ती एकटीच बसलेली दिसली आणि ते हसू झटक्यात उतरलं.

आत्ती म्हणजे रत्नाबाई, त्याच्या वडिलांची थोरली बहीण. गाव कोल्हापूरपासून सव्वीस किलोमीटर, हुपरीच्या पलीकडं. तिथं केतनच्या घराजवळच, पण एकटी राहायची आणि दर रविवारी मंदिरात पोरांची पाठशाळा घ्यायची. णमोकार मंत्र केतनही तिच्याच पुढ्यात बसून शिकला होता. चातुर्मासात आत्तीचं रोज एकाशन असायचं. दिवसातून एकदाच जेवण आणि त्याच बैठकीला पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. सत्तेचाळीस वर्षांत तिनं दिवस मावळल्यावर तोंडात काही घातलं नव्हतं.

त्या शुक्रवारी ती पहाटे स्वयंपाक करून, झाकून, केतनच्या गाडीवरून कोल्हापूरला डोळे तपासायला निघाली होती. दुपारी परत येऊन जेवायचं ठरलं होतं. पण डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. दीडला कळलं, अजून दोन तास लागतील. केतनला त्याच्या मित्राचा, पृथ्वीराजचा फोन आला तो तेव्हाच. "पन्हाळ्याच्या रस्त्याला काय पाऊस लागलाय भावा! ये की तासाभरासाठी." नवी दोनशे सीसीची गाडी, दोन महिन्यांची. केतन गेला. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी उडवतानाचा व्हिडिओ काढायचा होता. पहिल्यांदा नीट आला नाही, दुसऱ्यांदा मध्ये एस.टी. आली. तिसऱ्यांदा झकास आला. तासाभराचे चार तास कधी झाले त्याला कळलंच नाही.

"कोण, केतन?" आत्तीनं मान वर केली. डोळ्यांत औषध घातल्यामुळं बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. "सगळं पांढरंफेक दिसतंय बघ. तुझं तोंडबी दिसंना. किती वाजले रे?"

"सव्वापाच," केतन म्हणाला.

त्यानं काही ठरवलं नव्हतं. उशीर केला म्हणून बोलणी बसतील, तेवढीच थोडी कमी बसावीत, म्हणून जीभ आपोआप चाळीस मिनिटं मागं गेली.

"मग हाय की येळ," आत्ती सुटकेनं म्हणाली. "मला वाटलं, गेला आजचा दिवस. फोन करणार होते. पण म्हटलं, गाडीवर असशील, पावसात फोन घ्यायला जाशील आन् पडशील."

एवढं ऐकल्यावर खरं सांगायला हवं होतं. केतननं अंगातला रेनकोट काढला आणि तिला घातला.

"आन् तू रे?"

"मी भिजलोयच की."

"गुणाचं लेकरू," आत्ती म्हणाली.

उचगाव मागं पडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. हेल्मेटच्या काचेवर पाणी ठरत नव्हतं. रस्त्यातले खड्डे पाण्याखाली गेलेले. पुढच्या गाडीचं चाक कुठं खाली जातंय ते बघायचं आणि तिथून आपली गाडी वळवायची. समोरून ट्रक आला की कमरेएवढी लाट अंगावर. आत्ती मागं एका बाजूला बसली होती. तिचा उजवा हात केतनच्या खांद्यावर, आणि त्या हाताचं एक बोट हळूहळू टेकत, उचलत होतं. ती जप मोजत होती. त्याच्या लहानपणापासून ती अशीच बसायची. तेव्हा खांदा त्याच्या वडिलांचा असायचा.

गडमुडशिंगीत गाडी हळू झाली तशी ती कानाशी ओरडली, "किती झाले?"

केतननं मीटरवरचं घड्याळ बघितलं. सव्वासहा. मनात वजाबाकी केली. "पाच पस्तीस!"

"सावकाश चालव मग. घाई न्हाय."

घाई नाही म्हटल्यावर त्यानं गाडी जास्तच पळवली. हुपरीच्या अलीकडं एका वळणावर मागचं चाक सटकलं, गाडी हातभर आडवी सरकली आणि कशीबशी सावरली. आत्तीचं बोट थांबलं. मग पुन्हा टेकायला लागलं.

दारात पोचले तेव्हा सहा शेहेचाळीस झाले होते. वीज गेलेली. केतन तिला हाताला धरून आत घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जैन दिनदर्शिका होती. रोजचा सूर्यास्त तिच्यात छापलेला असे आणि आत्ती रोज सकाळी तो वाचून घेई. केतननं मोबाईलचा उजेड पाडला. आजचा सूर्यास्त सहा पंचावन्न.

म्हणजे नऊ मिनिटं होती. जेवण नाही, पण दोन घास आणि तांब्याभर पाणी नक्की झालं असतं. तीस तासांत तिच्या पोटात पाणी नव्हतं, बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज येत होता.

"आत्ती, आधी बस आन् पाणी पी."

"आरं, जेवणाबरोबरच प्यायचं असतंय. विसरलास व्हय शिकवलेलं?" ती हसली. "किती वाजले?"

आता नऊ मिनिटं म्हणायचं, की त्या हिशेबानं पाऊण तास? खरं सांगितलं असतं तर ती ओल्या लुगड्यानिशी पाटावर बसली असती. पण मग तिनं विचारलं असतं, दवाखान्यात सव्वापाच कसे झाले होते रे?

"सहा वाजून सहा," केतन म्हणाला.

"मग लुगडं बदलते. ओल्यानं कशाला बसायचं!"

ती आत गेली. सावकाश लुगडं बदललं. हातपाय धुतले. देवासमोर उभी राहून मंत्र म्हटला, पाचही ओळी, एकही न गाळता. केतन भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होता. पावसाच्या आवाजातही काटा ऐकू येत होता. सहा एक्कावन्न. सहा त्रेपन्न. 'आत्ती' म्हणून हाक मारायला त्यानं दोनदा तोंड उघडलं. सहा पंचावन्न झाले. मग छप्पन्न. त्यानंतर हाक मारून उपयोग नव्हता. आता खरं बोलायचं म्हणजे तिला उद्या अकरापर्यंत तहानलेलं ठेवायचं. दया म्हणून गप्प बसतोय, असं तो स्वतःला सांगू लागला. ते त्याला स्वतःलाही पटलं नाही.

"दिवा लावू का?" त्यानं विचारलं.

"दिवस असताना दिवा कशाला? मला तर लख्ख दिसतंय. सगळं पांढरं."

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. त्या पसरलेल्या बाहुल्यांना तेवढा उजेड पुरत होता. ती पाटावर बसली. दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, भाकरी. पहिला घास घेतला, मग पाण्याचा तांब्या उचलून बराच वेळ प्यायली. चौथ्या-पाचव्या घासाला मंदिरातून घंटा ऐकू आली. आरती सव्वासातला असते. आत्तीचा हात ताटावर थांबला.

"घंटा वाजली काय रे?"

"न्हाय," केतन म्हणाला. "शेजारच्या बाळासोंची म्हैस हाय. मान हलवतीया."

आत्तीनं थोडा वेळ कान दिला. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवू लागली.

शनिवारी केतन घराबाहेर पडला नाही. पृथ्वीराजनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, खाली वाहवा साचत होती. केतननं फोन पालथा घातला. आईनं दोनदा कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

रविवारी सकाळी आईनंच त्याला घरी राहिलेलं आत्तीचं डोळ्याचं औषध देऊन मंदिरात पाठवलं. पाऊस बारीक झाला होता. सभामंडपात पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसली होती आणि पुढं आत्ती, चष्मा लावून. केतन खांबाशी थांबला. एक फ्रॉकमधली पोरगी, स्वप्नाली तिचं नाव, हात वर करून विचारत होती, "आक्का, ढग आल्यावर सूर्य मावळल्याला कसा कळतोय?"

"आता ही खरी शहाणी," आत्ती म्हणाली. "काय करायचं मग? सांगा बघू."

"घड्याळ बघायचं!" पोरं ओरडली.

"आन् घड्याळच दिसत नसंल तर?"

आत्तीनं त्यांना भरपूर वेळ दिला. तिची रीतच तशी. उत्तर माहीत असलं तरी पोरांच्या तोंडून येईपर्यंत थांबायची.

"मग ज्याला दिसतंय त्याला इचारायचं," ती शेवटी म्हणाली. "परवा माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं, मला काय बी दिसत न्हवतं. ह्यो केतनदादा उभा हाय न्हवं, ह्याला मी इचारलं. अंगातला रेनकोट मला घातला, आपण भिजत आला, आन् पावसातनं मला येळेत घरात आणून पोचवलं. सत्तेचाळीस वर्षांचा माझा नेम ह्याच्यामुळं ऱ्हायला."

सगळी पोरं मान वळवून केतनकडं बघू लागली. एका बारक्यानं तर हात जोडले. केतननं औषधाची बाटली खांबाशी ठेवली आणि बाहेर आला.

पायऱ्यांखाली गाडी होती. किल्ली लावली, पण बटण दाबवेना. तो गाडीशेजारी भिजत उभा राहिला. आतून पोरांचा एकसुरी मंत्र ऐकू येत होता. पाठशाळा सुटली, पोरं उड्या मारत पाण्यातून पळाली, आणि मागून छत्री उघडत आत्ती आली.

"आरं, गेला न्हाईस? सर्दी झाली म्हणजे?"

"आत्ती, दवाखान्यात सव्वापाच न्हवते झाले. सहा वाजत आलते."

ती ज्या पायरीवर होती तिथंच थांबली.

केतननं सगळं सांगून टाकलं. चाळीस मिनिटं, ती नऊ मिनिटं, लुगडं बदललं तेव्हाचे काटे. सांगताना तो तिच्या चपलांकडं बघत होता.

"म्हणजे म्हैस न्हवती ती," आत्ती म्हणाली.

"न्हाय."

"कुठं गेलतास?"

"पन्हाळ्याच्या रस्त्याला. पोरं आलती. व्हिडिओ काढायला."

"दाव."

"आत्ती..."

"दाव म्हणते न्हवं."

त्यानं फोन काढला. तिनं छत्री त्याच्या हातात दिली, फोन दोन्ही हातांत धरला आणि बघितलं. पडद्यावर केतन पाण्याचे दोन पंखे उडवत येत होता, तोंड उघडून हसत. सतरा सेकंद. संपल्यावर तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं.

"चांगली चालवतोस," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. हे सोसेना. छत्रीचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला.

"माझ्या जेवणाचं जाऊ दे," आत्ती म्हणाली. "त्याला प्रायश्चित्त हाय. मुनी महाराज सांगतील, आपण करू. पण आत्ता त्या पोरांना मी काय सांगितलं? माझ्या तोंडानं सांगितलं की. त्याला काय करू?"

केतननं छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"पुढच्या रविवारी तू यायचं. आन् तूच सांगायचं त्यांना."

"सगळ्यांसमोर?"

"मग? मी सगळ्यांसमोरच सांगितलं न्हवं?"

तिनं त्याच्या हातातली छत्री घेऊन मिटली, पिशवीतून रेनकोट काढला. तोच, त्याचाच, धुऊन घडी घातलेला. "गाडी काढ. पलीकडच्या गावात महाराजांचा चातुर्मास हाय. ते दहाला आहाराला उठतात, त्याच्या आत गाठायचं. माझं आज जेवण न्हाय."

"मी पण न्हाय जेवणार," केतन म्हणाला.

"ते तुझं तू बघ. मला सांगून जेवू नको आन् मला सांगून उपाशी बी ऱ्हाऊ नको."

ती मागं बसली. केतन खांद्यावर हात पडायची वाट बघत थांबला. हात आला नाही. आरशात बघितलं तर तिनं सीटच्या मागची लोखंडी कडी धरली होती.

गावाबाहेर पडताच पुन्हा सर आली. रस्ता ओढ्याच्या पाण्यानं झाकला होता. परवा असल्याच पाण्यातून त्यानं पंखे उडवले होते. आज त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, दोन्ही पाय पाण्यात घासत, चाचपत पलीकडं नेली. चढावर मागून आवाज आला.

"थांब."

त्यानं गाडी कडेला घेतली.

"किती वाजले?"

केतननं फोन काढून, न बघताच मागं तिच्यापुढं धरला. आता तिला दिसत होतं.

"मी तुला इचारलं," आत्ती म्हणाली.

फोन त्यानं परत ओढला. पडद्यावर पाऊस पडत होता, अंगठ्यानं पुसून त्यानं आकडा दोनदा वाचला. "नऊ वाजून चौतीस मिनिटं."

"आण इकडं."

तिनं फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला, नीट बघितला. मग परत दिला.

"चल," ती म्हणाली.